सुशेगाद स्वभावाच्या माणसाला व्यायामात टिकवायचे कसे?

वृंदावन, फोंडा

नमस्कार मंडळी. धागा आरोग्य विभागात टाकतेय, पण दुखणे स्वभावाचे आहे.

आमचे हे शेहेचाळीस वर्षांचे. नोकरी सरकारी, टेबलावरची. माणूस अतिशय गोड. इतक्या वर्षांत ह्यांनी कुणावर आवाज चढवलेला मी ऐकलेला नाही. काहीही सुचवा, उत्तर ठरलेले: "बरं, करूया." आणि मग ते होत नाही. सरळ नाही म्हणाले असते तर भांडता तरी आले असते.

मागच्या तपासणीत एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.१ निघाले. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण त्याच्या दारात उभे आहात. गोळी एवढ्यात नको, रोज चाला, वजन थोडे उतरवा. ह्यांनी मान डोलावली. घरी येताना गाडीत मला म्हणतात, "डॉक्टर बरा आहे गे, उगाच घाबरवत नाही."

मग जिम लावली. वर्षाची फी एकदम भरली, कारण तशी भरली तर सूट होती. तिथला पोरगा पंचविशीतला, कानाशी येऊन "कम ऑन सर, लास्ट टू" म्हणून ओरडायचा. ह्यांना त्याचा राग वगैरे आला नाही, नुसते जायचे बंद झाले. विचारले तर, "पोर चांगला आहे, पण सकाळच्या पारी एवढा आवाज कशाला?" नंतर मनगटावरचे पावले मोजणारे घड्याळ घेतले. एका रात्री पाहते तर हे पलंगावर आडवे होऊन हात हलवत आहेत, दहा हजार पुरे करायला. आणि तेही स्वतःसाठी नाही, मला बरे वाटावे म्हणून! योगवर्गात शवासन तेवढे मन लावून केले.

सगळ्यांत जास्त टिकले ते फर्मागुडीला सकाळी चालणाऱ्या गटात. दहाबारा जण आहेत. चालून झाले की टपरीवर बसतात. पातळ भाजी, पाव, वर मिरची भजी, चहा. होता होता हे चालणे वगळून थेट भाजीपावाच्या वेळेला स्कूटरने जाऊ लागले.

बरे, आळशी म्हणावे तर तसेही नाही. चतुर्थीला माटोळीचे (गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या रानफळांच्या सजावटीचे) सामान बाजारातून विकत आणणे ह्यांना कमीपणाचे वाटते. कांगलां, घागऱ्यो, सुपाऱ्यांचा घोस शोधत सकाळपासून रानात फिरतात, चढणी चढतात, झाडाझुडपांतून ओरबाडून घेत येतात. जत्रेच्या नाटकाच्या तालमीला रात्री तासन्‌तास उभे असतात, नेपथ्याचे फ्लॅट उचलतात. तेव्हा गुडघाही दुखत नाही आणि झोपही येत नाही.

धाक चालत नाही, चढाओढ चालत नाही, आकडे चालत नाहीत. बक्षीस म्हणाल तर ह्यांना मुळात काही हवेच नसते. घाबरवून पाहा, असे कृपया कुणी सांगू नका. आयसीएमआरच्या २०२३ सालच्या इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात सर्वाधिक निघाले होते, २६.४ टक्के. देशाचा आकडा ११.४. ती बातमी मी फ्रिजवर चिकटवली. ह्यांनी चहा पीत वाचली आणि म्हणाले, "म्हणजे सोबत भरपूर आहे."

अशा माणसाला कुणी टिकवले असेल, किंवा कुणी स्वतः तसा असून टिकला असेल, तर सांगा.

खाजेकार

कुत्रा पाळा. दोन वेळा बाहेर न्यावाच लागतो.

वृंदावन

कुत्रा आहे. दोघे ओट्यावर असतात.

पीटीमास्तर, डिचोली

ताई, मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवून निवृत्त झालो. तुमच्या यजमानांसारखी पाचसहा मुले प्रत्येक वर्गात असायची. शर्यत म्हटली की ती रांगेच्या शेवटी जायची. शिट्टी मारा, छडी दाखवा, पदकाचे आमिष दाखवा, ती हसून मागेच राहायची. त्यांना मी मैदानावर फक्की मारायला लावायचो. रेषा आखणे, लांब उडीचा खड्डा उकरणे, चटया नेणे-आणणे. तासाच्या शेवटी पळणाऱ्या मुलांपेक्षा त्यांची चाल जास्त व्हायची आणि त्यातल्या एकाचीही कधी तक्रार नसे. काम समोर असले की ते करून टाकायचे, हा त्यांचा स्वभाव. पहिले यायचे ही इच्छाच त्यांना नसते, मग तिच्या जोरावर त्यांना हलवणार कसे?

जिम, घड्याळ, गट, सगळ्यांत एकच गोष्ट होती: कुणीतरी मागून रेटणारे किंवा मोजणारे. माटोळीच्या वेळी कोणी मोजते का?

आता गटाबद्दल. दहाबारा जणांच्या गटात एक माणूस आला नाही तर कुणाचे अडत नाही, हे असल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच कळते. त्यांना दहा जण नकोत, एकच हवा. आणि तो त्यांच्याहून तगडा नको, थोडा कमकुवत असावा. वयाने मोठा, नुकताच आजारातून उठलेला, एकट्याने रस्त्यावर जायला घाबरणारा. "मला सोबत चला" असे म्हणणाऱ्याला तुमचे यजमान नाही म्हणणार नाहीत. तो दारात येऊन उभा राहिला की हे पायात चप्पल घालतील. स्वतःच्या तब्येतीसाठी न उठणारी माणसे दुसऱ्याच्या तब्येतीसाठी उठतात, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता नवल वाटत नाही.

दुसरे, "करूया" या उत्तरावर थांबू नका. कधी, कुठून, हे त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. इंग्लंडमध्ये २००२ साली मिल्न, ऑर्बेल आणि शीरन या संशोधकांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. पुढच्या आठवड्यात एकदा तरी वीस मिनिटे जोराचा व्यायाम करायचा. काहींना नुसते सोडले, काहींना हृदयरोगाची माहिती देऊन मन वळवले, आणि काहींना त्या माहितीबरोबरच दिवस, वेळ, जागा लिहून द्यायला लावली. पहिल्यांतले ३८ टक्के व्यायाम करून आले, दुसऱ्यांतले ३५, आणि लिहून देणाऱ्यांतले ९१. प्रयोग एकाच आठवड्याचा होता, म्हणून मी त्यावर फार उड्या मारणार नाही. पण मधला आकडा पाहा. समजावून सांगितल्याने तसूभर फरक पडला नाही. तुमच्या फ्रिजवरच्या कात्रणाचे तेच झाले.

वेळ नवीन शोधू नका, दिवसात आधीच असलेली धरा. तुमच्याकडे पाव कोण आणतो? पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून दारात येत असेल तर त्याला उद्यापासून थांबवा. यजमानांनी पायी भट्टीवर जाऊन पाव आणायचा. पाव नाही तर चहाबरोबर काही नाही. यात व्यायामाचा उल्लेखसुद्धा करायचा नाही.

आणि दिवस चुकला तर गवगवा नको. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर सवय कशी लागते याचा अभ्यास केला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या काळाची मधली संख्या ६६ दिवस निघाली, पण माणसामाणसात फरक १८ पासून २५४ पर्यंत. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात म्हणण्यासारखा अडथळा आला नाही. शांत माणसाला "काल बुडवलेत" म्हणाल तर तो आजही बुडवेल, कारण घरात वाद नको.

ते घड्याळ कपाटात ठेवा. दहा हजार हा आकडा काही वैद्यकशास्त्राने दिलेला नाही. जपानमध्ये १९६५ साली पावले मोजण्याचे एक यंत्र विकायला आले, त्याच्या नावातच तो आकडा होता, तिथून तो जगभर झाला.

निवांत_नाना, मडगाव

वैनी, आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो. मी तुमच्या ह्यांच्याच पंथाचा. बायको मला "हालचाल प्रमाणपत्र" मागते.

पीटीमास्तरांनी बरंच बरोबर सांगितलं, पण आतून काय होतं ते त्यांना ठाऊक नाही. आम्हाला चालायचा कंटाळा नसतो. कंटाळा असतो तो चालण्याआधीच्या सगळ्या खटपटीचा. कपडे बदला, मोजे शोधा, कुठल्या बाजूला जायचं ठरवा, पाऊस येईल का बघा. प्रत्येक प्रश्नाजवळ एक खुर्ची मांडलेली असते आणि आम्ही बसतो. एकदा रस्त्याला लागलो की तासभर चालू, तक्रार नाही.

म्हणून मी घरी पोचायच्या आधीच चालतो. बूट स्कूटरच्या डिकीत. ऑफिस सुटलं की स्कूटर तिथेच ठेवतो, पालिकेच्या बागेला आणि बाजाराला वळसा घालून येतो, मगच किल्ली लावतो. ऑफिसच्याच पँटीत. घरी येऊन शर्टाचं पहिलं बटण काढलं की विषय संपला, मग प्रत्यक्ष आमचा देव दामबाब आला तरी मी उठणार नाही.

दुसरी गोष्ट रागावू नका, पण "गेला होता का?" विचारणं बंद करा. तुम्ही विचारलं की आम्ही उत्तर देतो, चालत नाही. पलंगावर हात हलवणं हे उत्तरच होतं. माझ्या बायकोने विचारायचं सोडलं आणि रात्री जेवल्यावर स्वतःच चपला घालून फाटकाशी उभी राहू लागली. कोण एकटं पाठवणार तिला? दहापंधरा मिनिटं वाड्यातून फिरतो, सगळ्यांच्या उचापती कळतात. हुमण-शीत (माशाची आमटी-भात) जेवून लगेच आडवं झाल्यापेक्षा साखरेलाही ते बरं, असं माझा डॉक्टर म्हणतो.

आणि आपल्यासारख्यांचं हृदय शाबूत असतं या भ्रमात यजमान असतील तर तोही काढा. सॅन फ्रान्सिस्कोच्या फ्रीडमन आणि रोझेनमन या दोघा हृदयतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात घाईगर्दीच्या, चिडक्या लोकांना 'टाइप ए' आणि आम्हाला 'टाइप बी' म्हटलं, आणि हृदयविकार त्यांना जास्त होतो असं मांडलं. मी बरीच वर्षं ते तोंडावर फेकायचो. पुढच्या अभ्यासांत ते तसं टिकलं नाही. आणि रक्तातल्या साखरेला तर कोण शांत, कोण तापट, याचं काहीच पडलेलं नसतं.

आता खरी युक्ती. तुम्ही लिहिलंय की हे नाटकात काम करतात. मग नक्कल, म्हणजे आपले संवाद, कधी पाठ करतात?

रुमडाचे_झाड

एवढे कशाला करायचे? माणूस सुखी आहे, कुणाला त्रास देत नाही. आमचे आजोबा कुठे जिमला गेले? दुपारी जेवून दोन तास झोपायचे, नव्वदीपर्यंत जगले. गोव्याचा माणूस आहे, त्याला गोव्यासारखे जगू द्या.

वृंदावन

रुमडदादा, तुमचे आजोबा दुपारी झोपायच्या आधी काय करत होते तेही लिहा. माझे सासरे कुळागरात पाणी लावायचे, नारळ खांद्यावर वाहून आणायचे, आणि मग झोपायचे. आमचे हे फायलीला टाचणी लावतात आणि मग झोपतात. झोपेला माझी हरकत नाही.

नाना, नक्कल हे रात्री जेवल्यावर आरामखुर्चीत पाठ करतात. यंदा भूमिका मोठी आहे, ऐतिहासिक नाटक आहे. पानेच्या पाने.

निवांत_नाना

आरामखुर्ची काढून घ्या. म्हणजे खरंच नको, तिच्यावर कपड्यांचा ढीग ठेवा. नक्कल पाठ करायची ती चालतानाच, दुसऱ्या कुठल्या वेळी नाही. मी जुन्या नाट्यपदांचं रेकॉर्डिंग फक्त चालतानाच ऐकतो. घरी लावत नाही. काही दिवस संध्याकाळी पाय आपोआप निघतात ते त्यासाठी.

पीटीमास्तर

नानांचा उपाय नामी आहे, आणि त्यावर संशोधनही झालेले आहे. अमेरिकेत कॅथरीन मिल्कमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केले. लोकांना उत्कंठावर्धक कादंबऱ्या ऐकायला दिल्या, पण ते यंत्र व्यायामशाळेतच ठेवलेले. सुरुवातीला या लोकांच्या फेऱ्या इतरांपेक्षा ५१ टक्के जास्त झाल्या. मात्र मध्ये त्यांचा थँक्सगिव्हिंगचा सण आला, सुट्टी पडली, आणि त्यानंतर फरक जवळजवळ उरला नाही. आपल्याकडे चतुर्थी, दिवाळी, जत्रा, नाताळ, शिगमो. तेव्हा सणानंतरचा पहिला दिवस कोणता ते सणाआधीच ठरवून ठेवावे. माझ्या मते गोव्यात व्यायाम बुडतो तो आळसाने कमी आणि कॅलेंडरने जास्त.

ताई, नाटकात यजमानांच्या समोर कोण उभे असते? ज्याच्याशी जास्त संवाद आहेत असे पात्र?

आबोली, म्हापसा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. धागा वाचून मजा आली. काही गोष्टी राहिल्या आहेत.

आधी नक्कलीबद्दल. चालण्याचा वेग बरोबर आहे का हे ओळखायची आमची साधी खूण म्हणजे चालता चालता बोलता यावे, पण गाता येऊ नये. त्यांचे लांब स्वगत एका दमात आरामात होत असेल तर वेग कमी आहे. वाक्याच्या मध्ये श्वास घ्यावा लागला तर बरोबर. दोन शब्दांनंतरच धाप लागली तर वेग उतरवा. घड्याळापेक्षा हे मोजमाप त्यांना आवडेल. संगीत नाटक असते तर पंचाईत होती.

किती करायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांप्रमाणे प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम. हा दुसरा भाग सगळे विसरतात. चालून चालून माणूस पन्नाशीला येतो आणि जमिनीवरून उठताना हात टेकतो. खाल्लेली साखर वापरण्याचे मोठे काम स्नायूच करतात, म्हणून एचबीए१सी वाढलेल्यांनी तर हा भाग सोडूच नये.

शांत स्वभावाच्या पेशंटना मी चटई अंथरायला लावत नाही. चटई अंथरणे म्हणजे नानांची ती खटपट. खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठायचे, सावकाश बसायचे, दहा वेळा. हे चहाचे आधण ठेवल्यावर. ओट्याशी उभे राहून टाचा उचलायच्या. भिंतीला हात लावून छाती जवळ न्यायची आणि ढकलून मागे यायचे, भिंतीवरचे दंडच ते. पंधरा दिवसांनी सोपे वाटले की खुर्ची थोडी बुटकी घ्यायची, भिंतीऐवजी टेबल. एवढेच. नेपथ्याचे फ्लॅट उचलणाऱ्या माणसाला हे जड नाही.

भारतातलाच एक दाखला देते, कारण "हे परदेशातले" असे पेशंट लगेच म्हणतात. डॉ. रामचंद्रन यांच्या चमूने तुमच्या यजमानांसारख्याच, म्हणजे साखर वाढू लागलेल्या पण मधुमेह न झालेल्या ५३१ जणांना घेऊन अभ्यास केला होता, २००६ साली छापून आला. साधारण अडीच वर्षे पाठपुरावा. रोजचे चालणे आणि खाण्यातले बदल करणाऱ्यांत मधुमेह होण्याची शक्यता २८.५ टक्क्यांनी कमी झाली. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांत २६.४. दोन्ही एकत्र करून त्याहून जास्त काही पदरात पडले नाही. म्हणजे डॉक्टरांनी आत्ता गोळी दिली नाही म्हणून हे दुर्लक्ष करण्यासारखे आहे, असे समजू नका. चालणे हाच इथे उपचार आहे.

भाजीपावाबद्दल माझे मत कडक आहे. मिरची भजी बंद. पावाऐवजी कोंड्याची पोई, तीही एकच.

पीटीमास्तर

आबोलीताई, एवढे एक सोडून सगळे मान्य. टपरी बंद केलीत तर तो गट पंधरा दिवसांत मोडेल. माणसे चालायला नाही, बसायला येतात, आणि बसण्यासाठी चालतात. रोजची भजी आठवड्यातून एका दिवसावर आणा.

आबोली

सर, तो एक दिवस लवकरच तीन होतात. पण बरं, रविवार.

वृंदावन

काल रात्री सगळे प्रतिसाद ह्यांना वाचून दाखवले. नानांच्या खुर्च्यांच्या वाक्याला इतके हसले की सासूबाई उठून बाहेर आल्या.

मास्तर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर: ह्यांच्यासमोर जे काम करतात ते आमच्याच वाड्यावर राहतात, वयाने साठीच्या पुढे, मागे त्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे आणि त्यांची बायको एकटे सोडत नाही. मी तिला फोन केला. आता दोघी बायकांनी मिळून कट केला आहे, पण पुरुषांना वाटते आहे की कल्पना त्यांची. तसेच वाटू दे.

अडचण भलतीच निघाली. हे नाटकात दुष्ट सरदार आहेत. संवाद सगळे "तुझी खांडोळी करीन" छापाचे. भर रस्त्यात एका म्हाताऱ्या माणसावर ओरडत चालले तर लोक मध्ये पडतील, असे ह्यांचे म्हणणे. मी म्हटले, फर्मागुडीच्या पठारावर जा, तिथे सकाळी मोकळे असते. तर म्हणतात, "गटातले लोक भेटतील, भाजीपावाला ओढतील." म्हणजे नाही म्हणायचे नाही, पण दहा फाटे फोडायचे!

शिवाय पाऊस. इकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत काय करायचे?

निवांत_नाना

फाटे फुटले म्हणजे माणूस विचार करायला लागला. आम्हाला करायचंच नसतं तेव्हा आम्ही "बरं" म्हणतो.

देवळाचा सभामंडप. सकाळी रिकामा असतो, छप्पर आहे, आणि "खांडोळी करीन" असा आवाज घुमला की तालीम चालू आहे एवढंच लोकांना वाटेल. फोंड्यात देवळांना काय तोटा? फक्त आरतीची वेळ टाळा आणि पुजाऱ्याला आधी सांगून ठेवा.

आबोली

सभामंडप उत्तम. पण पावसात देवळाच्या अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरते. चालायचे ते आतच. पाय घसरून मनगट मोडलेले पेशंट माझ्याकडे दर पावसाळ्यात येतात, आणि त्यातले बरेच चालायलाच निघालेले असतात.

ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे त्यांनी आपल्या हृदयतज्ज्ञांना विचारूनच वेग ठरवावा, स्वगतावरून नाही. चालताना छातीत दडपण आले, डावा हात किंवा जबडा दुखायला लागला, घाम फुटला तर तिथेच थांबायचे आणि थेट इस्पितळ. १०८ वर फोन करायचा, स्कूटरवर बसवून नेऊ नका.

वृंदावन

हे सांगून ठेवते दोघांनाही. ठरले ते असे: पोदेराला उद्यापासून बंद, पाव हे आणणार. सोम ते शुक्र संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर घरात न शिरता थेट शेजाऱ्यांच्या फाटकाशी, तिथून दोघे मंडपात. चहा मी तिकडेच थर्मासमध्ये पाठवणार, नाहीतर "चहा पिऊन निघतो" म्हणतील आणि संपले. शनिवारी तालीम, रविवारी फर्मागुडी आणि आबोलीताईंनी मंजूर केलेली भजी. जत्रेनंतरचा सोमवार कॅलेंडरवर आत्ताच लाल केला आहे. मास्तर, हे सगळे ह्यांच्याच अक्षरात लिहून घेतले आहे, खाली "करूया" लिहायला निघाले होते, ते खोडायला लावले.

एक राहिले. बूट कुठले घ्यायचे? ह्यांच्याकडे फक्त ऑफिसचे काळे आणि चपला.

निवांत_नाना

महाग घेऊ नका. महाग बूट आम्ही खराब होतील म्हणून घालत नाही.

आबोली

नाना, बरोबर. वैनी, संध्याकाळी दुकानात जा, दिवसभरानंतर पाय थोडे फुगलेले असतात. मोजे घालूनच मापून पाहायला सांगा, पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, आणि बोटांजवळ वाकणारा पण मधोमध न मुडपणारा तळ बघा. मंडपात बूट चालणार नाहीत, तेव्हा तिथे अनवाणी. मात्र साखरेची तक्रार असलेल्यांनी घरी आल्यावर तळवे एकदा बघून घ्यायचे, खडा टोचला असेल तर कळत नाही. शेजाऱ्यांना मधुमेहही असेल आणि पायांना बधिरपणा असेल तर त्यांनी अनवाणी अजिबात चालू नये, मोज्यांचे निराळे बघावे लागेल. विचारून सांगा.

वृंदावन

विचारते. आत्ता फाटक वाजले, हे पाव घेऊन आले बहुतेक. पोई सांगितली होती, बघते काय आणलेय ते.